आधी गाडी, मग नळी, शेवटी वेल्डिंग मशीन

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

स्वतःच्या हाताने चारचाकी बांधण्याचा नाद मुंबई-ठाण्यातल्या अभियांत्रिकीच्या मुलांना आणि हौशी लोकांना लागतो आहे. लोटस सेव्हन या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीच्या धाटणीची उघडी दोन आसनी गाडी, चौकोनी नळ्यांचा सांगाडा आणि जुन्या गाडीतून काढलेलं इंजिन-गिअरबॉक्स, असा साधारण बेत असतो. नाद उत्तम आहे. पण खरेदी नेमकी उलट्या क्रमाने होते: आधी सवलतीत दिसलेलं वेल्डिंग मशीन, मग नळ्या, मग मिळेल ती भंगार गाडी. खरं म्हणजे जिचे अवयव घ्यायचे ती डोनर गाडी आधी ठरायला हवी. तिच्या इंजिनाच्या आणि ॲक्सलच्या मापावर सांगाडा ठरतो, सांगाड्याच्या नळीच्या जाडीवर मशीन ठरतं. हा क्रम चुकला की पैसे दोनदा जातात, आणि बरेचदा अर्धा सांगाडा सोसायटीच्या कोपऱ्यात गंजत पडतो.

त्याही आधी कायद्याची गोष्ट, कारण तिच्याबद्दल गैरसमज फार आहेत. अशी गाडी आपल्याकडे रस्त्यावर आणता येत नाही. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये तेच ठासून सांगितलं. ब्रिटनमध्ये एकेका गाडीची स्वतंत्र तपासणी करून तिला परवानगी देण्याची व्यवस्था आहे. आपल्याकडे गाडीचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थेकडून मंजूर करून घ्यावा लागतो, आणि तो मार्ग उत्पादकांसाठी आहे. म्हणजे ही गाडी खासगी जागेत किंवा बंदिस्त ट्रॅकवर चालवायची. डोनरच्या आरसीवर नवी गाडी फिरवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करील आणि जबाबदारी बांधणाऱ्याच्या गळ्यात पडेल.

डोनर कापण्यापूर्वी तिच्यावरचं कर्ज फिटल्याची नोंद आरसीवर झाली आहे ना आणि ई-चलानं भरलेली आहेत ना, हे बघावं. गाडी कायमची निकामी झाली की कलम ५५ प्रमाणे चौदा दिवसांत, किंवा शक्य तितक्या लवकर, आरटीओला कळवायचं असतं. चासी नंबर कोरलेल्या पत्र्याचं काय करायचं, हेही कटरला हात लावण्याआधी तिथेच विचारून घ्यावं. सुटं इंजिन कुर्ल्याच्या बाजारातून घेणार असाल तर इंजिन नंबर लिहिलेलं बिल आणि मूळ आरसीची प्रत हातात आल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

आता डोनर कोणती? इंजिन पुढे आणि ओढ मागच्या चाकांना अशी सेव्हनची रचना हवी असेल तर आपल्याकडे स्वस्तातले पर्याय मोजके आहेत. ओम्नीचं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन जेमतेम ३५ अश्वशक्तीचं असतं, पण साडेपाचशे-सहाशे किलोच्या गाडीला शिकण्यापुरतं ते पुरतं, आणि सुटे भाग गल्लीबोळात मिळतात. २०२२पर्यंतच्या ईकोचं १.२ लिटरचं इंजिन ७३ अश्वशक्तीचं. हौशी माणसाच्या बजेटमध्ये सगळ्यात शहाणी निवड तीच. या दोन्ही गाड्यांत इंजिन पुढच्या आसनांखाली असतं, म्हणून गिअरचा दांडा ज्या जागी येतो ती जागा सेव्हनमध्ये उपयोगाची नसते. गिअर लिंकेज (दांडा आणि गिअरबॉक्स यांना जोडणाऱ्या कांबी) नव्याने करावं लागणार हे पहिल्या दिवसापासून हिशेबात धरावं. जिप्सीचं १.३ लिटरचं इंजिन आडवं नसून लांबीत बसतं आणि तिची ट्रान्सफर केस (चारही चाकांना ओढ वाटून देणारी पेटी) गिअरबॉक्सपासून वेगळी असल्यामुळे ती गाळून थेट मागच्या ॲक्सलला शाफ्ट देता येतो. मात्र ट्रान्सफर केसमधलं जादा गिअरिंग त्याबरोबर जातं, पहिला गिअर लांबतो आणि क्लच जळतो. शिवाय डोंगरात फिरणाऱ्यांनी जिप्सीचे भाव चढवून ठेवले आहेत.

प्रीमियर पद्मिनीचा मोह मुंबईकराला होतोच. कुर्ल्यात बनलेली गाडी, मागच्या चाकांना ओढ, सरळसाधं १०८९ सीसीचं इंजिन. पण चारही चाकांना ड्रम ब्रेक, स्टिअरिंग जुन्या पद्धतीचं आणि भाग दिवसेंदिवस दुर्मीळ. शेवटची नोंदलेली पद्मिनी टॅक्सी वीस वर्षं पुरी करून ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून गेली. आता उरलेल्या पद्मिनींपैकी धडधाकट गाडी कोणी कापू नये असं मनापासून वाटतं. जिला जपणारा माणूस मिळू शकतो ती गाडी डोनर नव्हे.

इंजिन आसनांच्या मागे ठेवायचं असेल तर एस्टीम, झेन किंवा ८०० यांचा पुढचा सगळा जोड मागे नेता येतो. एस्टीमच्या एमपीएफआय (पेट्रोल फवारणाऱ्या) इंजिनाची ८५ अश्वशक्ती हलक्या गाडीला भरपूर झाली. इथे एक चूक वारंवार होते. गिअरचा दांडा ड्रायव्हरकडे यावा म्हणून इंजिन-गिअरबॉक्सचं सबंध धूड उलटं फिरवून बसवतात. मग गाडीला एक गिअर पुढचा आणि पाच मागचे होतात. दिशा मूळ गाडीतली होती तीच ठेवायची आणि लिंकेज लांबवायचं. दुसरं, मागे गेलेल्या त्या चाकांना मूळचे स्टिअरिंगचे टाय रॉड (चाक वळवणारे दांडे) असतात. त्यांची बाहेरची टोकं सांगाड्याला पक्क्या, पण लांबी बदलता येईल अशा दांड्यांनी जखडावी लागतात, आणि त्या दांड्यांचा आतला सांधा सस्पेन्शनच्या खालच्या आर्मच्या सांध्याच्या रेषेत यावा लागतो. नाहीतर खड्ड्यात चाक वर गेलं की मागचं चाक आपोआप वळतं. रेडिएटर पुढे आणि इंजिन मागे असल्याने पाण्याच्या नळ्या लांब होतात. सर्वांत उंच जागी हवा काढण्याचा स्क्रू ठेवला नाही तर हवा अडकून हेड गरम होतं.

डोनर शक्यतो अख्खी आणि चालू स्थितीतली घ्यावी. चालवून बघता येते, सगळे गिअर पडतात का, डिफरन्शियल घरघरतं का ते कानाला कळतं. मुंबईत निवडीचा निकष इतर खरेदीच्या बरोबर उलटा ठेवावा. समुद्राकाठी उभी राहून फरशी सडलेली, दारं खालून खाल्लेली, पण नियमित चालणारी गाडी ही उत्तम डोनर, कारण तिचा पत्रा आपल्याला नकोच आहे. घातक असते ती पाण्यात बुडालेली आणि वरून चकाचक केलेली गाडी. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा असंख्य गाड्या बुडाल्या. तेवढा नसला तरी सखल भागात गाडी पाण्याखाली जाईल असा पाऊस आजही होतोच. तपासायचं असं: सीटबेल्ट रिळातून पूर्ण बाहेर ओढावा. पुसणारा माणूस शेवटच्या हातभर पट्ट्यापर्यंत कधी पोचत नाही. तिथे मातकट आडवी रेघ दिसली की गाडी सोडून द्यावी. सीटच्या रुळांवरचे बोल्ट, डॅशबोर्डखालच्या कनेक्टरमधल्या हिरवट पिना, डिफरन्शियलच्या तेलाचा दुधाळ रंग, या बाकीच्या खुणा. बुडालेल्या गाडीची बेअरिंग आणि वायरिंग दोन्ही आतून गेलेली असतात, आणि नेमक्या त्याच गोष्टी आपण विकत घेत असतो.

त्यानंतर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते. इंजिन गरम करून, सगळे प्लग काढून, इंधन आणि इग्निशन तोडून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून प्रत्येक सिलिंडर मोजावा. आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा. तो एक बारच्या पुढे गेला की सावध व्हावं. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल टाकून पुन्हा मोजावं. आकडा चढला तर रिंगा गेल्या, नाही चढला तर व्हॉल्व्ह. सीएनजीवर वर्षानुवर्षं धावलेल्या गाड्यांत व्हॉल्व्हच्या बैठका आत बसलेल्या असतात, आणि मुंबईत ईको-ओम्नी बहुतेक सीएनजीच्याच. अशी गाडी घेतली तर हेडचं काम धरूनच भाव करावा.

गाडी खोलताना वायरिंग कापू नये. प्रत्येक कनेक्टरला कागदी टेप लावून नाव लिहावं आणि अख्खं हार्नेस एका तुकड्यात काढावं. इसीयू (इंजिन चालवणारा संगणक), चावी, इमोबिलायझर (परक्या चावीने इंजिन सुरू होऊ न देणारं यंत्र) आणि कुलपाचा संच एकाच गाडीचा हवा. यातली एक वस्तू भंगारात गेली की चांगलं इंजिनही सुरू होत नाही. पेडल, केबली, स्टिअरिंग कॉलम, साधे नट-बोल्टसुद्धा गाडी पहिल्यांदा चालेपर्यंत फेकायचे नाहीत.

आता नळी. अशा सांगाड्याला रूढ माप आहे २५ बाय २५ मिलिमीटरची चौकोनी नळी, सोळा गेज म्हणजे १.६ मिलिमीटर जाडीची. पहिलाच सांगाडा असेल तर २ मिलिमीटरची घ्यावी. चाळीस मीटर नळीत वजनाचा फरक दहा-बारा किलोंचा पडतो, पण भोक पडण्याची भीती निम्म्याने कमी होते. दारूखान्यात किंवा कळंबोलीच्या लोखंड बाजारात सहा मीटरच्या लांबीत ती मिळते. सात लांब्या लागतात, आठ घ्याव्यात. जाताना खिशात व्हर्निअर असावा. सोळा गेज म्हणून दिलेली नळी १.४ किंवा १.२ची निघते. कापलेल्या तोंडावर बर (कडेला उरलेला धारदार कीस) असतो, तो घासूनच मोजावं. जस्ताचा मुलामा असलेली जीआय नळी अजिबात नको. जळलेल्या जस्ताच्या धुराने रात्री थंडी वाजून ताप भरतो आणि वेल्डमध्ये बुडबुडे राहतात. काळ्या नळीवरचं तेल थिनरने पुसून सांध्यापासून वीस-पंचवीस मिलिमीटर घासून पांढरं लोखंड काढावं.

मशीनकडे शेवटी यायचं ते याचसाठी, की आता त्याला करायचं काम नेमकं माहीत आहे: दोन मिलिमीटरची नळी आणि तीन ते सहा मिलिमीटरचे ब्रॅकेट. ग्रिलवाल्याकडचं तेलाचं ट्रान्सफॉर्मर मशीन या कामाचं नाही. ते दोन फेजवर चालतं, फक्त एसी देतं आणि पातळ नळी फाडतं. रॉडवर चालणारं छोटं इन्व्हर्टर मशीन सर्वांत स्वस्त पडतं आणि त्याने सांगाडा होतो, पण हात बसलेला हवा. दोन मिलिमीटरचा ६०१३ रॉड, ४५ ते ५५ अँपिअर, रॉड ऋण टोकाला. नवशिक्याला मिग, म्हणजे रिळावरची वायर आपोआप पुढे सरकवणारं, वर्कशॉपमध्ये ज्याला सीओटू म्हणतात ते मशीन, घेणं बरं. सिंगल फेजचं, १६० ते २०० अँपिअरच्या वर्गातलं, गॅस जोडता येणारं.

नावातल्या आकड्यावर जाऊ नये. मॉडेलचं नाव २५० असतं आणि मशीन १४० देतं. मागच्या पट्टीवर ड्युटी सायकलचा, म्हणजे दर दहा मिनिटांत मशीन किती मिनिटं चालू शकतं याचा, तक्ता असतो, तो वाचावा. ज्या मशीनला पट्टीच नाही ते घेऊ नये. या सांगाड्याला मोठी ड्युटी सायकल लागत नाही हे मात्र दुकानदार सांगणार नाही. नळीची एक बाजू २५ मिलिमीटरची, ती पाच-सहा सेकंदांत भरते, मग पुढची मोजा, कापा, घासा. मशीन बहुतेक वेळ थंडच बसलेलं असतं. पैसे तिथे न घालता तीन गोष्टींत घालावेत: व्होल्टेज आणि वायरचा वेग यांच्या वेगवेगळ्या कळा, धातूचे फीड रोलर (प्लॅस्टिकचे वायरला घसरू देतात आणि मग ठिणगी तुटत राहते) आणि युरो कनेक्टरची टॉर्च (वायर सोडणारी हातातली मूठ), कारण तिचे सुटे भाग, लायनर आणि टिप, नागदेवी स्ट्रीटवर कुठेही मिळतात. पोलॅरिटी, म्हणजे धन-ऋण टोकं, उलटसुलट करायची सोय हवीच. गॅसवरच्या साध्या वायरला टॉर्च धन टोकाला लागते, बिनगॅसच्या फ्लक्स वायरला ऋण. दोन्ही चालणारी स्वस्त मशीन कारखान्यातून एकाच जोडणीत येतात, आणि मग शिंतोडे उडतात म्हणून लोक वायरला दोष देतात.

घरच्या विजेवर हे चालेल का? ८० अँपिअर आणि १८ व्होल्ट म्हणजे १४४० वॉट. मशीनमध्ये वाया जाणारी वीज आणि पॉवर फॅक्टर धरला तर २३० व्होल्टवर साधारण १२ अँपिअर. सोळा अँपिअरच्या सॉकेटवर एवढं निभतं, पूर्ण जोरावर चालवलं तर एमसीबी पडेल. वीस मीटरची एक्स्टेन्शन केबल असेल तर चार चौरस मिलिमीटर तांब्याची, आणि रीळ पूर्ण उलगडलेलं. गुंडाळलेली केबल तापून वितळते. जोडणीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) हवा. सोसायटीच्या मीटरवरून परस्पर वायर ओढू नये.

दोन मिलिमीटरच्या नळीला ०.८ मिलिमीटरची ईआर ७० एस-६ वायर, ७० ते ९० अँपिअर, १७ ते साडेअठरा व्होल्ट, गॅस मिनिटाला आठ ते दहा लिटर. नुसता सीओटू गॅस स्वस्त पडतो आणि खोल जातो, पण शिंतोडे जास्त. ८० टक्के आर्गॉनचं मिश्रण पातळ नळीला जास्त सोसतं. सिलिंडर साखळीने भिंतीला बांधावा. पंखा बंद. खाडीकडून येणारी दुपारची हवा मोकळ्या आवारात गॅस उडवून लावते आणि वेल्ड आतून स्पंजासारखा होतो. एका बाजूला ताडपत्री बांधली तरी काम होतं, आणि शेजाऱ्यांच्या मुलांच्या डोळ्यांवर चमक जात नाही.

मिगचा खरा धोका म्हणजे तो दिसायला देखणा येतो. नाण्यांची चळत आडवी केल्यासारखा वेल्ड, आणि खाली नळी वितळलेलीच नसते. म्हणून सांगाड्याला हात लावण्याआधी त्याच नळीचे तुकडे इंग्रजी टी आकारात जोडून एक व्हाइसमध्ये धरून हातोड्याने मोडेपर्यंत वाकवावा. नळी फाटली तर वेल्ड पास, सांध्यावर सोलून निघाला तर नापास. दुसरा तुकडा मधोमध कापून, चारशे नंबरच्या पेपरने घासून त्यावर फेरिक क्लोराइड लावावं. पीसीबी करायला लॅमिंग्टन रोडवर मिळतं तेच, हातमोजे घालून. मिनिटभरात वितळलेला भाग वेगळ्या छटेत उठून दिसतो. तो दोन्ही नळ्यांत शिरलेला दिसला नाही तर अँपिअर वाढवावे. असे तीस-चाळीस तुकडे मोडल्याशिवाय हात तयार होत नाही, आणि हे तुकडे भंगारातल्या नळीचे चालत नाहीत, आपल्याच नळीचे हवेत.

सांगाडा पूर्ण टाके (छोटे तात्पुरते वेल्ड) मारून उभा करावा, कर्ण मोजावेत, दोन्हींत दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको. मग इंजिन, ॲक्सल आणि स्टिअरिंग त्यात ठेवून बघावं. इंजिनाचा संप (खालची तेलाची टाकी) जमिनीला किती जवळ येतो, पाय पेडलवर सरळ पडतो का, हे टाक्यांवर असतानाच कळायला हवं. पक्कं वेल्डिंग समोरासमोरच्या कोपऱ्यांत थोडं थोडं. एका टोकापासून सुरू केलं की सांगाडा केळ्यासारखा वळतो. आणि झालेला वेल्ड ग्राइंडरने सपाट करू नये. सुंदर दिसावा म्हणून घासलेल्या सांध्याची ताकद ग्राइंडरच्या ठिणग्यांबरोबर गेलेली असते.

पावसाळ्यात बेत थांबवलेला बरा. रॉड दमट होतो, वायरच्या रिळावर एका रात्रीत तांबूस गंज चढतो, घामाने भिजलेल्या हातमोज्यातून रॉडच्या मशीनचे ६०-८० व्होल्ट झटका देतात. रीळ काढून हवाबंद डब्यात ठेवावं.

सस्पेन्शनचे ब्रॅकेट, स्टिअरिंगचे जोड आणि सीटबेल्टच्या पट्ट्या, एवढे सांधे घरी टाक्यांवर धरावेत आणि पक्के मुरलेल्या वेल्डरकडून करून घ्यावेत. तो पैसा वाचवण्यासारखा नाही. यासाठीच एक मागणी आहे. शासकीय आयटीआयमध्ये वेल्डर हा एक वर्षाचा ट्रेड शिकवला जातो, तिथे मशीन आहेत, निदेशक आहेत. मुंबईतल्या एक-दोन आयटीआयनी महिन्यातला एखादा रविवार शुल्क घेऊन हौशी लोकांसाठी वर्कशॉप उघडावं, त्यांनी आणलेले तुकडे निदेशकांनी मोडून दाखवावेत आणि कुठे चुकलं ते सांगावं. तुकडा व्हाइसमध्ये मोडला तर नुकसान वीतभर नळीचं होतं, हे मुलांना अनुभवी माणसाच्या डोळ्यांसमोर शिकता आलं पाहिजे. कौशल्य विकास विभागाने याचा विचार करावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, भांडुप